जोडा चावतो त्याचं मत

विज्ञानाच्या प्रश्नात लोकमताला जागा नाही, ज्याला विषय कळतो त्याने बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, हे मत हल्ली सुशिक्षित मंडळींत फार मानाचं झालं आहे. माझे एक व्यासंगी स्नेही ते हिरिरीने मांडतात. मोबाइलवर रोज आदळणारे काढे, ग्रहमान, किरणोत्सर्गाचे धसके पाहून त्यांना आलेला वैताग मला कळतो. तरीही त्यांचं म्हणणं मला पटत नाही. का पटत नाही, ते डहाणू तालुक्यातल्या आशागडपासून तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात काय घडलं ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून या पट्ट्यात जमीन हादरू लागली. धुंदलवाडीच्या आसपास केंद्र, धक्के लहान, पण थांबायचं नाव नाही. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घाबरून पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. माणसं थंडीत तंबूत झोपली, शाळा झाडाखाली भरल्या. आणि त्याच दिवसांत शहरातल्या जाणत्या माणसांचं सहज मत ऐकू येत होतं : अडीच रिश्टर म्हणजे काहीच नाही, ट्रक गेला तरी तेवढं हलतं.

हे मत विज्ञानाच्या भाषेत आहे आणि चूक आहे. रिश्टरचा आकडा भूगर्भात सुटलेल्या ऊर्जेचं माप सांगतो. आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते, इतपत पुष्कळांना ठाऊक असतं. पण पायाखालची जमीन किती हलेल, हे केंद्र किती खोल आणि किती जवळ आहे यावरही ठरतं. डहाणूचे धक्के उथळ होते. अशा धक्क्याच्या पहिल्या लहरी जमिनीतून हवेत शिरतात आणि कानावर येतात. म्हणून इथल्या बायका ‘आधी गडगडतं, मग हलतं’ असं सांगत, ते अचूक निरीक्षण होतं. कारवीच्या कुडाचं घर लवतं, डुलतं, परत उभं राहतं. विटांच्या भिंतीला मात्र कोपऱ्यातून तिरका तडा जातो. रोज रात्री त्या तड्यावर बोट फिरवून तो वाढला का ते पाहणाऱ्या माणसाला ‘काहीच नाही’ म्हणून सांगणं हे अज्ञान आहे, मग सांगणाऱ्याकडे कुठलीही पदवी असो.

इथे मला अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आठवतो, आणि त्याच्याजवळ जरा रेंगाळायला हवं. १९२२ आणि १९२५ साली पत्रकार वॉल्टर लिपमनने दोन पुस्तकांत आज माझे स्नेही मांडतात तेच मांडलं होतं, त्यांच्याहून कितीतरी ताकदीने. आधुनिक जग इतकं गुंतागुंतीचं झालं आहे की सामान्य नागरिकाच्या डोक्यात त्याचं फक्त चित्र असतं, तेही बहुधा चुकीचं. तेव्हा कारभार जाणकारांच्या सल्ल्याने चालावा. ड्यूईने १९२७ साली उत्तर दिलं. लिपमनचं निदान त्याने बरंचसं मान्य केलं. फक्त तो म्हणाला की जोडा कसा दुरुस्त करायचा हे चांभाराला कळतं, पण तो कुठे चावतो हे घालणाऱ्यालाच कळतं. ज्या जाणकारांपर्यंत ही खबर पोचत नाही त्यांचा एक वेगळाच वर्ग होतो, त्या वर्गाचे स्वतःचे हितसंबंध तयार होतात, आणि मग त्यांचं ज्ञान समाजाच्या प्रश्नांचं ज्ञान उरत नाही. ज्ञानाची मक्तेदारी एका वर्गाकडे गेली की काय होतं, हे महाराष्ट्राला कुणी अमेरिकेतून येऊन शिकवायला नको. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेले बाबासाहेब आंबेडकर ड्यूईंना आपले गुरू मानत, ते उगाच नव्हे.

भूकंपाचंच बोलायचं तर कोयनेचं उदाहरण घरचंच. धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं, त्या मागोमाग परिसरात हादरे सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतरही धरणाचा त्याच्याशी संबंध आहे का यावर वर्षानुवर्षं वाद झाला. आज कोयना हे जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं जगभर अभ्यासलं जाणारं ठिकाण आहे. डहाणूतही कुणी धरणाकडे बोट दाखवलं, कुणी सुरुंगांकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पावसाचं मुरलेलं पाणी हे संभाव्य कारण मांडलं. म्हणजे लोकांनी धरलेलं कारण नेमकं नसेल, पण ‘पाण्याचं काहीतरी आहे’ हा संशय खुळचट नव्हता.

इथवर मी ड्यूईच्या बाजूने आहे. पण याच डहाणू तालुक्यात गडचिंचले आहे. १६ एप्रिल २०२०च्या रात्री तिथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. त्याआधी काही दिवस मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत होती. भीती खरी होती आणि जोडा मुळात नव्हताच. याला ड्यूईकडे पुरेसं उत्तर आहे असं मला वाटत नाही. ज्याला चावतं त्याचं ऐका, हे तत्त्व अफवेच्या रात्री तीन माणसांना वाचवत नाही. मत कुणाचं, हा प्रश्न इथे अपुरा पडतो. ते मत कुठल्या जागी जाऊन तपासलं जातं, हेही विचारावं लागतं.

तशी एक जागा डहाणूला होती. हा तालुका २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. ३१ ऑक्टोबर १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९च्या जानेवारीत जाईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. पाचशे मेगावॉटच्या औष्णिक केंद्राच्या धुराबद्दल बागायतदार आणि मच्छीमार जे बोलत होते, ते इतरत्र चावडीवरच विरलं असतं. इथे त्याची सुनावणी झाली, तज्ज्ञांना उत्तर द्यावं लागलं. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा असा आदेश १९९९ साली निघाला आणि २००७ साली ती चालू झाली. देशभरच्या औष्णिक केंद्रांसाठी गंधकाची मर्यादा केंद्र सरकारने घातली ती डिसेंबर २०१५ मध्ये. चिकूच्या बागेतलं ‘अडाणी’ मत देशाच्या नियमापुढे आठ वर्षं चालत होतं, कारण त्याला पुरावा मागणारी आणि पुरावा देणारी जागा मिळाली होती.

ती जागा कायम निर्मळ राहते असा माझा दावा नाही. याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदर नाकारलं आणि ३१ जुलै २०२३ रोजी त्याला मान्यता दिली. मच्छीमारांच्या शंकांचं समाधान त्या मान्यतेने झालं असं मला वाटत नाही. पण म्हणून जागाच नको, असं म्हणणाऱ्यांच्या हाती शेवटी लिपमनचा जाणकार तरी उरतो किंवा गडचिंचलेची रात्र.

डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत, आणि सभेचं इतिवृत्त लिहिलं जातं. माझ्या स्नेह्यांनी धुंदलवाडीच्या सभेत यावं, अडीच रिश्टरचं गणित तिथे मांडावं, आणि मग लोक विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं इतिवृत्तात नोंदवू द्यावीत : पावसाळ्यानंतर धक्के वाढले तर घरात झोपायचं की बाहेर, आणि घरकुल मंजूर झालं आहे तर कुडाच्या भिंती पाडायच्या की ठेवायच्या.