दैव, वैराग्य आणि फ्लॅटचा विमा
घराचा विमा उतरवणे हा दैवावरचा अविश्वास ठरतो का? कर्मसिद्धान्ताप्रमाणे प्रारब्ध भोगूनच संपते. मग हप्ता भरून काय टळणार? टळत काहीच नाही, आणि विमा तसा दावाही करत नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतली घरे पॉलिसी असती तरी वाहूनच गेली असती. विमा पुन्हा उभे राहण्याचा खर्च तेवढा अनेकांत वाटतो. ती तजवीज क्रियमाण, म्हणजे आत्ता करत असलेल्या, कर्मात मोडते, आणि पौरुषाला दैवाहून वरचढ मानणाऱ्या योगवासिष्ठाची तिला हरकत नसावी. गीतेच्या नवव्या अध्यायातले योगक्षेमाचे आश्वासन तर आयुर्विमा महामंडळाने बोधवाक्य म्हणूनच घेतले. भगवंताचे काम महामंडळाने अंगावर घेतले म्हणायचे!

वैराग्याचा आक्षेप अधिक अवघड आहे. वस्तूंवरची आसक्ती सोडायची, तर त्यांच्या पावत्या कशाला जपायच्या? इथे देहूची कथा उपयोगी पडते. परंपरा सांगते, की तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली ती स्वतःच्या वाट्याची कर्जखते. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला. त्याग आपल्या हिश्श्याचाच करता येतो. पुण्यातल्या फ्लॅटधारकाच्या मालकीत तर खांब, जिना, गच्ची ही सगळी सामाईक असतात. म्हणूनच सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी आग आणि भूकंपापासून इमारतीचा विमा उतरवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. सभासदाच्या घरातले सामान त्यात येत नाही.

त्यासाठी 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. तीत घराची विमा रक्कम बाजारभावावर नव्हे, बांधकामखर्चावर ठरते. कार्पेट 800 चौरस फूट आणि दर 2500 रुपये धरला, तर ती 20 लाख होते. मग फ्लॅट कोथरूडमध्ये दीड कोटीला का जाईना. जमीन जळत नाही. घराबरोबर सामानाचाही विमा घेतला, तर त्याला या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. त्याहून जास्त हवे तर तपशील द्यावा लागतो. दागिने आणि चांदीची भांडी ऐच्छिक संरक्षणात, किंमत आधी ठरवून घेतली जातात.

विरक्त माणसाने सामानाचा विमा खुशाल टाळावा. वार्षिक सभेत इमारतीच्या हप्त्याला विरोध करण्याचा अधिकार मात्र त्याच्या वैराग्यातून निघत नाही.