नदीतले कासव घरी ठेवावे काय?

अकलोलीहून एका बंधूंनी पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. पहिल्या पावसानंतर त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा तानसा नदीच्या काठच्या शेतातून एक कासव घरी घेऊन आला. कासव जेवणाच्या थाळीएवढे आहे. त्याने पाय आत ओढून घेतले म्हणजे मागील पायांवर कातड्याच्या दोन झडपा मिटतात. मुलाने ते पत्र्याच्या टबात ठेवले आहे. तो त्यास सकाळ-संध्याकाळ भात घालतो, त्याच्याशी बोलतो, आणि शाळेतून आल्याबरोबर दप्तर टाकून प्रथम त्याला पाहतो. शेजारी म्हणतात की कासव घरात असले म्हणजे पैसा टिकतो. आपल्या बंधूंचा त्यावर विश्वास नाही, हे बरे आहे. त्यांचे विचारणे निराळे आहे. “आम्ही शेळ्या पाळतो, कोंबड्या पाळतो, दारात कुत्रा आहे. मग देवाने निर्मिलेला हा एक मुका जीव मुलाने प्रेमाने पाळला, तर त्यात दोष कोणता?”

सरकारी कायदा काय सांगतो हे आधी सांगून टाकतो, कारण त्यात वादाला जागा नाही. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा जो कायदा आहे, त्याच्या पहिल्या अनुसूचीत हे झडपांचे कासव आहे. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले जमिनीवरचे कासव पुष्कळ लोक शहरांत हौसेने बाळगतात. तेही २०२२ च्या दुरुस्तीने ह्याच अनुसूचीत आले. अशा प्राण्यास रानातून किंवा नदीतून धरणे, घरी ठेवणे, विकणे, मारणे हे सर्व गुन्हे आहेत आणि त्यांस तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद व शिवाय दंड सांगितला आहे. “मुलाने आणले, मला ठाऊक नव्हते,” हे उत्तर तेथे फारसे उपयोगी पडत नाही.

तथापि आपल्या बंधूंनी कायदा विचारलेला नाही, दोष विचारला आहे. शिक्षेच्या भीतीने कासव सोडले, तर मुलगा एवढेच शिकेल की शिपाई बलवान असतो. तेव्हा मूळ प्रश्नाकडे वळू.

शेळी आपल्या दारी जन्मते. तिची आई, आजी, पणजी माणसाच्याच दारी जन्मल्या. सकाळी ती चरावयास जाते आणि सायंकाळी आपण हाक न मारताही परत येते. तिला लांडग्यापासून राखणे, चारा देणे, आजारात पाहणे हे आपल्याकडे, आणि दूध व करडे देणे हे तिच्याकडे, असा व्यवहार हजारो वर्षे चालत आला आहे. त्यात माणसाने पुष्कळ अन्याय केला आहे हे खरे. पण व्यवहार आहे. कासवाशी आपला असा कोणताही व्यवहार झालेला नाही. त्यास टबाबाहेर ठेवून पाहावे, म्हणजे ते कोणत्या दिशेस चालू लागते ते कळेल. आपले बंधू म्हणतात त्या अर्थाने ते पाळलेले नाही. ते कोंडलेले आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, “पण ते तर शांत बसते, खाते, कुरकूर करीत नाही.” येथे मला माझीच गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या घरी असेच एक कासव होते. मासे धरणाऱ्या एका माणसाकडून वडिलांनी ते माझ्या हट्टासाठी घेतले. आम्ही त्यास घमेल्यात ठेविले. रात्री घमेल्याच्या कडेवर त्याच्या नखांची खरखर चाले, आणि आम्ही अंथरुणावरून म्हणत असू की पाहा, ते खेळते आहे. भात, पोळीचा तुकडा, क्वचित् काकडी, असे आम्ही त्यास घालीत असू. वर्षभराने त्याचे डोळे सुजले आणि पाठ बोटाने दाबली तर दबू लागली. आम्हांस वाटले, वय झाले. ते मेले हे आम्हांस दोन दिवस कळलेच नाही. जिवंत असता आणि मेल्यावर त्यात आम्हांस काही भेद दिसला नाही, ही गोष्ट मला आज जितकी बोचते तितकी तेव्हा बोचली नव्हती.

पुढे मी ह्याविषयी वाचले तेव्हा खरखरीचा अर्थ कळला. हे कासव गोगलगाई, बेडूक, मासे, पाण्यातील मेलेले जीव आणि पाणवनस्पती खाते. नुसत्या भातावर त्याचे भागत नाही. त्याला ऊन लागते. ते न मिळाले तर कवच मऊ पडते. पाणी आटले म्हणजे ते चिखलात खोल पुरून घेऊन पावसाची वाट पाहते, म्हणून चिखल हेच त्याचे घर. पाठीवरील कवच ही त्याने पांघरलेली वस्तू नव्हे. त्याच्या फासळ्या आणि कणा मिळूनच ते झालेले आहे, आणि त्यावर केलेला स्पर्श त्यास जाणवतो. शिवाय कासव फार सावकाश मरते. कोंबडीला चार दिवस दाणा मिळाला नाही तर सारे घर जाणते. कासव महिनोन् महिने झिजत राहते, आणि ते जगते आहे एवढ्यावरून आपण ते सुखी आहे असे समजतो. ज्याला ओरडता येत नाही त्याच्या दुःखाची दखल घेणे हे पूर्णपणे दुसऱ्याच्या विवेकावर येऊन पडते.

आपल्या मराठी मुलखात एक फार सुंदर कल्पना आहे की कासवी पिलांना दूध पाजत नाही, केवळ नजरेनेच त्यांचे पोषण करिते. संतांनी ती वारंवार वापरली आहे. वस्तुस्थिती अशी आहे की कासवी माती उकरून अंडी घालते, खळगा बुजवते आणि निघून जाते; पिलांकडे ती पुन्हा पाहतही नाही. पिले आपली आपण बाहेर येतात आणि त्यांस कोणी न शिकविता पाण्याकडे चालू लागतात. दृष्टांत खोटा ठरला म्हणून मला वाईट वाटत नाही. आई नसता त्यांचे पोषण कोण करितो, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. आणि तो जे चिखल, ऊन व गोगलगाई ह्यांच्या द्वारे करितो, ते नऊ वर्षांच्या मुलाने भाताच्या शितांनी करावे अशी अपेक्षा धरणे मुलावरही अन्यायाचे आहे.

“एक कासव नेल्याने नदीचे काय जाते?” असेही विचारितात. कासव उशिरा वयात येते, आणि त्याची बहुतेक अंडी व पिले घोरपडी, कोल्हे, पक्षी खातात. म्हणून वयात आलेली एक मादी गेली तर तिची जागा भरावयास वर्षे लागतात. आपल्या दख्खनच्या नद्यांतील लीथचे मऊ पाठीचे मोठे कासव इतके विरळ झाले की २०२२ साली पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याचा देशोदेशींचा व्यापार बंद करावा लागला. अनुवादाच्या पुस्तकात घरट्यावरील पक्षिणीविषयी जो नियम आहे तो आपल्या उपदेशक बंधूंनी काढून पाहावा. पिले घेणाऱ्यासही आईला सोडून देण्यास तेथे सांगितले आहे. पहिल्या पावसात कासव शेतात येते ते नव्या पाण्याच्या शोधात, किंवा अंडी घालावयास. मुलाला ते वाट चुकलेले वाटले असेल. ते वाटेवरच होते.

येथे एक अवघड गोष्ट टाळू नये. आपल्या मंडळ्यांत असे वृद्ध आहेत की ज्यांनी भुकेच्या दिवसांत कासव खाल्ले आहे. आज कायद्याने तेही निषिद्ध आहे आणि मी त्याचे समर्थन करीत नाही. परंतु पोटाच्या आगीने एका घावात मारणारा, आणि हौसेने वर्षभर झिजविणारा, ह्या दोघांत पहिल्याला आपण क्रूर म्हणतो व दुसऱ्याला प्रेमळ, हे मला पटत नाही. प्राणी विकणाऱ्या दुकानांतून कानाशी लाल पट्टा असलेली लहान कासवे मिळतात, त्यांचाही प्रकार फारसा निराळा नाही. ती अमेरिकेतली आहेत. मोठी झाली की कंटाळून लोक ती तळ्यात सोडतात, आणि ती आपल्याकडील कासवांचे अन्न व जागा बळकावतात.

“मग नोहाने प्राणी ठेवले नाहीत काय?” असे एका सभेत मला विचारण्यात आले होते. ठेवले, पण पाणी ओसरल्यावर तारवाचे दार उघडले. जखमी प्राणी बरा होईपर्यंत सांभाळणाऱ्यास हेच माप लावावे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास येथे समुद्रकासवांची अंडी पूर्वी लोक नेत असत. सन २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने गावकऱ्यांस बरोबर घेऊन ती अंडी कुंपणात राखावयास आरंभ केला. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिले निघाली म्हणजे ती समुद्राकडे सोडतात. ते पाहावयास मुले दोरीच्या मागे ओळीने बसतात, आणि कोणीही एक पिलू खिशात घालून घरी नेत नाही. त्या मुलांचे कासवावर प्रेम नाही असे कोण म्हणेल?

आता आपल्या बंधूंनी करावे काय? कासव मनास येईल त्या पाण्यात सोडू नये. अकलोलीच्या उन्हाळ्याच्या कुंडांत तर मुळीच नको. कढत पाण्यात ते मरेल. वनविभागास १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे आणि ते केव्हा व कोठे सापडले हे लपवू नये. भात बंद करावा. टबात ओंजळभर चिखल व उथळ पाणी घालून तो सावलीत ठेवावा, आणि मुलास एकदा रात्री दिवा न लावता टबाजवळ बसवून ऐकू द्यावे. वनरक्षक आले म्हणजे, त्यांची हरकत नसेल तर, जेथे ते सापडले ती बांधाची जागा मुलानेच दाखवावी.