घरबंद मांजर आणि पालकाचे कर्तव्य

मांजराला कायम घरात ठेवणे हा त्याच्या वतीने माणसाने घेतलेला निर्णय असतो. रस्त्यावरची वाहने, भटकी कुत्री आणि संसर्गजन्य आजार यांपासून मांजर वाचते, आणि मांजरापासून परिसरातले पक्षी आणि सरडे वाचतात. मात्र या सुरक्षिततेपायी त्याचा दिवस रिकामा होतो. हा रिकामा दिवस भरून देणे पालकाचे कर्तव्य आहे का? पालक स्वतःच संधिवात, पक्षाघात किंवा वार्धक्यामुळे खुर्चीला वा अंथरुणाला खिळलेला असेल, तर ते कर्तव्य कमी होते का? हे प्रश्न नीतिशास्त्राचे आहेत आणि धर्मविचाराचेही.

मुळात प्राण्याला कंटाळा येतो का, अशी पहिली शंका असते. सतराव्या शतकात देकार्तने प्राण्यांना यंत्रवत मानले. हायडेगरने १९२९–३० च्या व्याख्यानांत कंटाळ्याचे सखोल विवेचन केले. पण खोल कंटाळा हा माणसाचाच अनुभव मानून प्राण्याचे जग त्याने दरिद्री ठरवले. प्राणिवर्तनाचा अभ्यास वेगळे चित्र दाखवतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या रिबेका मेघर आणि जॉर्जिया मेसन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिंजऱ्यातील मिंक या लहान मांसाहारी प्राण्याचे निरीक्षण होते. ओक्याबोक्या पिंजऱ्यातले मिंक समोर येणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे अधिक ओढीने जात, एरवी टाळावी अशी भीतिदायक वस्तू असली तरीही. खचून उदासीन झालेला प्राणी असा वागत नाही. काहीतरी घडावे, ही त्या वागण्यामागची भूक आहे.

मांजराच्या बाबतीत ही भूक समजून घेणे सोपे आहे. मांजर दबा धरून शिकार करते. एका उंदराने त्याचे पोट भरत नाही, म्हणून मोकळेपणी जगणारे मांजर दिवसभरात अनेकदा शिकारीला लागते. टेहळणी, दबा, झेप आणि पकड असा प्रत्येक खेपेचा क्रम असतो, आणि बऱ्याच झेपा फुकट जातात. पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या खऱ्या जागेपणाच्या वेळा. उंदीर म्हणजे मांजराचे अन्न, तसेच त्याचा उद्योगही. दार बंद करणारा माणूस या दोन्ही गोष्टी काढून घेतो आणि वाटीत खाणे वाढून त्यांतली एकच परत देतो.

धर्मपरंपरांनी नेमक्या या जागी बोट ठेवले आहे. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अति भार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. बांधून ठेवणे हा यांत स्वतंत्र दोष आहे. प्राण्याला पोटभर खाऊ घातले, म्हणून बंधनाचा प्रश्न मिटत नाही. बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत एका स्त्रीची कथा आहे. तिने मांजर कोंडून ठेवले, त्याला स्वतः खायला दिले नाही आणि बाहेर सोडून जमिनीवरचे किडेमुंग्याही खाऊ दिले नाहीत. मांजर मेले आणि त्या स्त्रीला नरकयातना भोगाव्या लागल्या. या कथेत दोष कोंडण्याला आणि उपाशी ठेवण्याला एकत्र लागतो. दार बंद केले की आतल्या जिवाची गरज भागवण्याचे दायित्व बंद करणाऱ्याकडे येते. हा न्याय अन्नापुरता थांबवण्याचे कारण नाही. मांजराचा उद्योग त्याच दाराने तोडला आहे. तोही त्याच हाताने परत द्यायला हवा.

श्रीवैष्णवांच्या तेंगलै पंथात शरणागती समजावताना मार्जारन्याय सांगतात. माकडाचे पिल्लू आईला घट्ट बिलगते. मांजराचे पिल्लू मात्र काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. जिथे अवलंबन पूर्ण, तिथे भार पूर्णपणे धरणाऱ्यावर असतो. पाळीव मांजराचे माणसावरचे अवलंबन याच प्रकारचे आहे.

पाश्चात्त्य विचार वेगवेगळ्या वाटांनी इथवर येतो. कांटच्या मते प्राण्यांविषयीचे कर्तव्य अप्रत्यक्ष असते: प्राण्याशी निर्दय वागणारा पुढे माणसांशीही निर्दय होतो. बेंथमने १७८९ मध्ये वेदना भोगण्याची क्षमता हाच निकष मानला. मार्था नुसबॉम प्राण्याला त्याच्या जातीला साजेसे जगता यावे ही न्यायाची मागणी मानतात, आणि खेळ त्यांच्या क्षमतांच्या यादीत आहे. भारतातील १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचे कलम ३ प्राणी सांभाळणाऱ्यावर त्याच्या कल्याणासाठी वाजवी ते सर्व उपाय करण्याचे बंधन घालते.

आता दुसरा प्रश्न. जे करता येत नाही ते कर्तव्य असू शकत नाही, हे कांटचे तत्त्व प्रसिद्ध आहे. भारतीय व्रतविधानात हाच विचार ‘यथाशक्ति’ या मर्यादेने येतो. तिथे दोष शक्ती कमी असण्याचा नसतो, असलेली शक्ती राखून ठेवण्याचा असतो. त्यामुळे ज्याला चालता येत नाही त्याच्यावर मांजरामागे धावण्याचे कर्तव्य नाही. पण मांजराची गरज धावणाऱ्या माणसाची नसतेच. त्याला शिकारीचा क्रम पुरा करण्याची संधी हवी असते, आणि ती बसल्या जागेवरून देता येते.

लांब काठीला पिसे बांधून अंथरुणावरूनही सावज ‘पळवता’ येते. ते मांजराच्या तोंडापुढे नाचवू नये. दूर न्यावे, उशीआड लपवावे, क्षणभर थांबवावे. पाच-दहा मिनिटांचे असे दोन-तीन खेळ रोज पुरतात. हॉल आणि ब्रॅडशॉ या संशोधकांच्या प्रयोगांत भुकेले मांजर अधिक जोमाने खेळले, आणि एकाच खेळण्याला विटलेले मांजर खेळणे बदलताच पुन्हा उत्साही झाले. म्हणून खेळ जेवणाआधी घ्यावा आणि खेळणी आलटूनपालटून काढावीत. खाण्याचे कोरडे दाणे एकेक करून लांब फेकता येतात. खिडकीशी उंच बैठक आणि बाहेरून भक्कम जाळी असली, तर रस्ता आणि झाडे तासन्‌तास टेहळणीला पुरतात. लपायला ठेवलेल्या रिकाम्या खोक्यांची रचना घरी येणारा कोणीही बदलून देऊ शकतो. बक्षिसाचा घास देऊन मांजराला हाकेला येणे किंवा काठीच्या टोकाला नाक लावणे शिकवता येते. यात माणसाची हालचाल जवळजवळ लागत नाही; लागतो तो वेळ आणि धीर, आणि घरात बसून असलेल्या माणसाकडे हे दोन्ही बहुधा इतरांपेक्षा जास्त असते. दोरा किंवा सुतळी मात्र खेळानंतर उचलून ठेवावी. गिळली गेल्यास ती आतड्यात अडकते.

लेझरचा ठिपका बसल्या जागेवरून फिरवणे सर्वांत सोपे, पण त्यात नैतिक प्रश्न दडलेला आहे. तो ठिपका कधीच पकडीत येत नाही. मांजराची ओढ चेतवून तिला तृप्ती न देणे ही त्याच्या स्वभावाची फसवणूक ठरते. तो वापरायचाच असेल तर डोळ्यांपासून दूर ठेवावा आणि शेवटी खऱ्या खेळण्यावर किंवा घासावर आणून थांबवावा.

अपंगत्व आणि प्राणी यांवर २०१७ मध्ये ‘बीस्ट्स ऑफ बर्डन’ हे पुस्तक लिहिणाऱ्या सुनौरा टेलर स्वतः अपंग आहेत. परावलंबन हा कमीपणा नसून सर्व जिवांची समान स्थिती आहे, असे त्या मांडतात. इथे त्याचा थेट उपयोग होतो. पालकाने शेजारी, नातेवाईक किंवा मदतनीस यांच्याकडे मांजरासाठी मदत मागणे हा त्याच्या कर्तव्याचाच भाग ठरतो. मांजर रात्रभर ओरडत असेल, अंग चाटून केस घालवत असेल किंवा पायांवर झडप घालत असेल, तर आधी पशुवैद्याकडून दुखणे नाही याची खात्री करून घ्यावी. मग खेळ वाढवावा. सर्व उपाय करूनही मांजराचे हाल थांबत नसतील, तर त्याला अधिक योग्य घर शोधून देणे हेही कर्तव्याचेच शेवटचे रूप आहे. पण पालकाला चालता येत नाही, एवढ्या एकाच कारणाने तो मांजर सांभाळण्यास अपात्र ठरत नाही.