फाशीचा हुकूम आणि न्यायाधीशाचा शब्द

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्याच्या पश्चिम सीमेवर फोर्ट स्मिथ हे गाव आहे. तेथे १८७५ पासून १८९६ पर्यंत आयझॅक पार्कर हे संघराज्याचे न्यायाधीश होते. शेजारच्या इंडियन टेरिटरीवर, म्हणजे चेरोकी, क्रीक आदी जमातींच्या मुलखावरही, त्यांचा अंमल चाले. एकवीस वर्षांत त्यांनी १६० जणांस देहान्त शिक्षा फर्मावली व त्यांपैकी ७९ जण फासावर गेले. ‘फाशीवाला न्यायाधीश’ हेच त्यांचे नाव जगाने लक्षात ठेवले. १८८४ साली लष्कराची जमीन फोर्ट स्मिथच्या शाळांसाठी मिळवून देण्यात याच गृहस्थांनी पुढाकार घेतला होता, याची आठवण फारसे कोणी काढीत नाही.

खुनाला फाशी हे कायद्यानेच ठरविलेले, न्यायाधीशाने केवळ ते उच्चारावयाचे, असा त्यांच्या बाजूने बचाव केला जातो. आम्ही वकिली करणारी माणसे. हा बचाव आम्हांस अर्धाच पटतो. शिक्षा कायद्याची होती हे खरे. परंतु पुरावा कसा तोलावा हे ज्यूरीला सांगणारे भाषण पार्कर यांचे स्वतःचे होते. ही भाषणे लांबलचक, कळकळीची आणि बहुधा आरोपीच्या विरुद्ध झुकलेली असत. १८८९ पर्यंत तर त्यांच्या फाशीच्या निकालावर अपीलच नव्हते. ते खुले झाल्यावर सुप्रीम कोर्टाने त्यांचे पुष्कळ निकाल फिरविले.

त्यांतील एक मुद्दा पाहण्यासारखा आहे. आरोपी पळाला, यावरून त्याचा अपराध ताडावा, असे पार्कर ज्यूरीला सांगत आणि त्यासाठी बायबलातील एका वचनाचा आधार देत. आपल्याकडे ‘चोराच्या मनात चांदणे’ म्हणतात, तशातलेच ते वचन. चावडीवरच्या गप्पांत म्हण शोभते. गळ्याशी दोर असताना तीच म्हण पुराव्याच्या जागी बसविणे ही निराळी गोष्ट आहे. हिकरी व अल्बर्टी या खटल्यांत, १८९६ साली, सुप्रीम कोर्टाने हे अमान्य केले. निर्दोष मनुष्यही भीतीने पळतो, असे त्या कोर्टाने बजावले. परक्या कोर्टाचे शिपाई दारी आले म्हणजे चेरोकी शेतकऱ्याने रानाची वाट धरावी, यात नवल ते काय?

पार्कर दुष्ट नव्हते. शिक्षेची खात्री असेल तर फाशी रद्द करण्यास आपली हरकत नाही, असे त्यांनी अखेरच्या दिवसांत सांगितले. सप्टेंबर १८९६ मध्ये टेरिटरीवरील त्यांचा अधिकार संपला आणि नोव्हेंबरात ते वारले. ज्यांचे निकाल अपिलाची सोय होण्यापूर्वीच अमलात आले, त्यांच्या ज्यूरीपुढची भाषणे मात्र कोणत्याच वरच्या कोर्टाने तपासली नाहीत.