सारख्यांची मोजदाद

गेल्या मे महिन्यांत सुटीला आलेल्या माझ्या दोन भाच्यांचें एका वहीवरून कडाक्याचें भांडण झालें व तें, घरांतील इतर भांडणांप्रमाणेंच, अखेर माझ्यापुढें निवाड्यासाठीं आलें. विषय म्हटला तर क्षुल्लक होता. १९८५ सालीं जपानांतील निन्टेंडो कंपनीनें काढलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा जुना व्हिडिओ गेम ते दोघे खेळत होते आणि त्यांतील सर्व पात्रांची यादी वहींत उतरून घेत होते. ती यादी कासवांपाशीं येऊन अडली. या खेळांत मारिओच्या वाटेंत दोन रंगांचीं कासवें येतात. आकार एक, कवच एक, तोंडवळा एक. फरक एवढाच कीं एक हिरवें आणि दुसरें तांबडें. मोठ्याचें म्हणणें, एकच चित्र दोनदां रंगविलें आहे, तेव्हां पात्रहि एकच. धाकट्याचें म्हणणें, पात्रें दोन. "मामा, हिरवें वेडें आहे आणि तांबडें शहाणें आहे," एवढाच त्याचा पुरावा.

मी हंसलों, परंतु पुरावा तपासून पाहिला तेव्हां तो खरा निघाला. हिरवें कासव चालतां चालतां कडेपाशीं आलें कीं पुढें दरी आहे याचा विचार न करतां सरळ पाऊल टाकतें व नाहींसें होतें. तांबडें कडेपर्यंत येतें आणि माघारीं वळतें. मीं धाकट्याच्या बाजूनें निकाल दिला. रंग हा कांहीं भेद नव्हे. त्याच खेळांतील आकाशांतले ढग आणि जमिनीवरचीं झुडपें हीं एकाच चित्राचीं पांढरीं व हिरवीं रूपें आहेत, पण म्हणून ढगाला झुडूप कोणी म्हणत नाहीं. दरीच्या कांठावर एकजण पडतो आणि दुसरा परततो, हा भेद मात्र शीलाचा आहे, आणि शील निराळें तेथें पात्र निराळें, असें माझें निकालपत्र होतें. त्यावर मोठा, जो पुढेंमागें वकील होणार असा मला दाट संशय आहे, शांतपणें म्हणाला, "मग एकापाठोपाठ दोन हिरवीं कासवें येतात, तीं दोन पात्रें कीं एक?"

मीं त्याला त्या वेळीं चहा थंड होत असल्याची सबब सांगितली.

प्रश्न मुलाच्या तोंडून आला म्हणून तो पोरकट ठरत नाहीं. आपल्याकडील वैशेषिकांनीं त्याच्यापायीं एक सबंध पदार्थ खर्ची घातला आहे. घट आणि पट यांतील भेद कोणीहि सांगेल. दोन घटसुद्धां त्यांच्या घडणीवरून, एकाचा कांठ फुटला असेल त्यावरून, वेगळे ओळखतां येतील. परंतु पृथ्वीचे दोन परमाणु, ज्यांस अवयव नाहींत आणि ज्यांचे गुण सारखे, ते दोन कशावरून म्हणावयाचे? यावर त्यांचें उत्तर असें कीं प्रत्येक नित्य द्रव्याच्या ठिकाणीं 'विशेष' म्हणून कांहीं एक वसत असतें आणि केवळ त्याच्यामुळें तें इतरांहून निराळें राहतें. तरुणपणीं मला हें उत्तर म्हणजे शुद्ध पळवाट वाटे. भेद कां आहे, तर भेद करणारें कांहींतरी आहे म्हणून! युरोपांत लायब्निट्झ यानें नेमकें दुसरें टोंक धरलें. सर्वस्वीं सारख्या अशा दोन वस्तु असूंच शकत नाहींत. असल्या, तर त्या दोन नव्हेत, एकच होत, असें त्याचें मत. हेरेनहाउझेनच्या बागेंत हॅनोव्हरच्या राजघराण्यांतील सोफी हिच्या देखत एका गृहस्थानें तंतोतंत सारखीं दोन पानें काढून दाखवूं म्हटलें, आणि सारी बाग धुंडाळूनहि त्याला तीं मिळालीं नाहींत, ही हकीकत लायब्निट्झनेंच लिहून ठेविली आहे. त्या गृहस्थाचें दुर्दैव एवढेंच कीं तो तीनशें वर्षें आधीं जन्मला. यंत्राच्या बागेंत तसलीं पानें हवीं तितकीं आहेत. तेथें कासवाचें चित्र एकदांच सांठविलेलें असतें आणि लागेल तेथें त्याचा ठसा उमटविला जातो. जागा निराळी, एवढाच भेद. आणि मोजावयाला तो पुरतो. कासवें दोन आहेत, याविषयीं वाद नको. तीं दोन पात्रें आहेत काय, हा वाद आहे.

येथें आपली भाषा थोडें साहाय्य करते. मराठींत 'पात्र' म्हणजे नाटकांतील माणूस आणि 'पात्र' म्हणजे भांडें. ज्यांत कांहीं घातलें असतां तें राहतें, वाहून जात नाहीं, तें भांडें. हिरव्या कासवांत कांहींच राहत नाहीं. पहिल्याला मारिओनें चिरडलें, याची दुसऱ्याला दाद नसते. दुसऱ्याच्या जागीं पहिलें आणि पहिल्याच्या जागीं दुसरें ठेविलें तर खेळांतील एकहि गोष्ट बदलत नाहीं. एकाच्या खात्यावरील रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर मांडली तरी वहीचा मेळ बसतो. जेथें असा मेळ बसत नाहीं, जेथें एकावर घडलेली गोष्ट दुसऱ्याच्या नांवें लिहितांच हिशेब खोटा होतो, तेथें दुसरें पात्र सुरू झालें असें मला म्हणावयाचें आहे.

दिसण्याचा यांत फारच थोडा संबंध येतो. दमयंतीच्या स्वयंवरांत पांच नळ एका ओळींत बसले होते, त्यांपैकीं चार देव होते. तिनें खरा नळ ओळखला तो त्याच्या रूपावरून नव्हे, तर त्याच्या अंगावर घाम होता, धूळ होती, गळ्यांतली माळ कोमेजली होती आणि पापण्या लवत होत्या यावरून. म्हणजे ज्याच्यावर काळाचा कांहीं परिणाम होतो, तो तिनें आपला मानला. हीच गोष्ट एका अमेरिकन खेळांतहि मला आढळली, आणि तेथें ती आढळेल अशी माझी मुळींच अपेक्षा नव्हती. १९९२ सालच्या 'मॉर्टल कॉम्बॅट' या खेळांत (खेळ अत्यंत रक्तबंबाळ आहे व मुलांच्या हातीं देण्याजोगा नाहीं, हें जातां जातां सांगितलें पाहिजे) स्कॉर्पियन व सब-झिरो असे दोन योद्धे आहेत. दोघांसाठीं एकाच नटाचीं छायाचित्रें घेऊन पोशाखाचा रंग तेवढा एकदां पिवळा व एकदां निळा केलेला आहे. तरीहि त्यांना एक समजण्याची चूक कोणी करीत नाहीं, कारण कथेप्रमाणें सब-झिरोनें स्कॉर्पियनला पूर्वीं ठार मारलेलें असून स्कॉर्पियन मृत्यूनंतर सूड घेण्यासाठीं परत आलेला आहे. मारणारा आणि मेलेला यांचीं खातीं कशीं एक होणार? पुढील वर्षीं निघालेल्या दुसऱ्या भागांत तर याहून मौज आहे. स्कॉर्पियननें सूड घेतला, सब-झिरो मेला. आणि तरीहि त्याच वेषाचा, त्याच नांवाचा सब-झिरो पुन्हां रिंगणांत उभा! स्कॉर्पियन त्याला मारावयास टपून असतो. इतक्यांत तो सब-झिरो एका हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला जीवदान देतो, आणि तेवढ्यावरून स्कॉर्पियन ओळखतो कीं हा तो नव्हे. तो मृताचा धाकटा भाऊ असतो. रूप, पोशाख, नांव यांपैकीं कशानेंहि जें उलगडलें नाहीं तें एका दयेच्या कृत्यानें उलगडलें. माझ्या धाकट्या भाच्याचा 'वेडें' आणि 'शहाणें' हा पुरावा याच जातीचा होता, हें मला तेव्हां उमगलें.

आतांपर्यंतचा विवाद मी पाहणाऱ्याला वगळून केला. जणूं पात्र वेगळें आहे कीं नाहीं हें त्या पात्राकडे पाहूनच ठरतें, आणि मोजणारा माणूस केवळ हिशेबनीस आहे. परंतु १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ घ्या. ५ ओळींत ११ प्रमाणें ५५ शत्रू आकाशांतून उतरत येतात. ते जसजसे मरतात तसतशीं यंत्राला चित्रें कमी काढावीं लागतात व उरलेल्यांची गति वाढते. ही मूळची यंत्राची अडचण, पण खेळाचा कर्ता तोमोहिरो निशिकादो यानें ती खेळाचा भाग म्हणून राहूं दिली. शेवटीं एकटाच उरलेला शत्रू जिवाच्या आकांतानें इकडून तिकडे धांवतो आणि खेळणाऱ्याचे हात कांपूं लागतात. पहिला मेला तेव्हां कोणाचें लक्षहि नव्हतें. या शेवटच्यांत नवें असें कांहीं आलेलें नाहीं. फक्त भोंवतालची गर्दी गेली.

याहून मला अधिक अस्वस्थ करणारा खेळ म्हणजे नामको कंपनीच्या तोरू इवातानी यानें १९८० सालीं रचलेला 'पॅक-मॅन'. चक्रव्यूहासारख्या गल्ल्यांतून एक पिवळें गोल तोंड ठिपके खात हिंडतें व चार भुतें त्याच्या मागें लागतात. चौघांचा आकार हुबेहूब एक. रंग तांबडा, गुलाबी, आकाशी व नारिंगी. मूळ जपानींत त्यांच्या स्वभावावरून त्यांना नांवें आहेत: एक पाठलाग करणारें, एक दबा धरणारें, एक लहरी, आणि एक, आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, वेड पांघरून पेडगांवला जाणारें. आणि नांवें पोकळ नाहींत. तांबडें भूत सरळ पॅक-मॅनच्या अंगावर येतें. गुलाबी त्याच्या चार घरें पुढची जागा धरून वाट अडवूं पाहतें. आकाशी भुताची चाल तांबडें कोठें आहे यावरहि अवलंबून असते. नारिंगी दुरून त्वेषानें येतें व आठ घरांच्या आंत आलें कीं आपल्या कोपऱ्याकडे वळतें. जो खेळणारा यांना एकच समजेल तो पहिल्याच डावांत फसेल. जीव वांचवावयाचा तर त्याला चौघांचे चार स्वभाव शिकून घ्यावेच लागतात.

पण पॅक-मॅननें कोपऱ्यांतील मोठा ठिपका खाल्ला कीं पारडें फिरतें. आतां कांहीं क्षण तो भुतांना खाऊं शकतो. आणि नेमक्या याच क्षणीं चारी भुतें एकाच गडद निळ्या रंगाचीं होतात. नुसता रंगच जात नाहीं, स्वभावहि जातो. कोणी पाठलाग करीत नाहीं, कोणी दबा धरीत नाहीं, सारीं वाट फुटेल तिकडे पळतात. त्यांना खाण्याचे गुण मिळतात ते २००, ४००, ८००, १६००, असे क्रमानें. कितवें खाल्लें याला किंमत आहे, कोणतें खाल्लें याला नाहीं. खाल्लेल्या भुताचे दोन डोळे तेवढे उरतात, ते आपल्या घरीं परत जातात, आणि तेथून तें भूत पुन्हां आपल्या मूळ रंगांत बाहेर येतें. म्हणजे तें गुलाबी तें गुलाबीच होतें, मधल्या वेळांतहि. जोंवर त्यांचें भय होतें तोंवर आपण त्यांना चार ओळखीत होतों. बळ आपल्या हातीं आलें आणि आपल्याला त्यांना ओळखण्याची गरज उरली नाहीं. इवातानीच्या मनांत असें कांहीं होतें असा माझा दावा नाहीं. पण हा नियम त्यानें शोधून काढला असें मी म्हणणार नाहीं. तो आधींपासून चालू होता. मला तो कोठें तरी भेटलेला होता, आणि कोठें तें आठवावयास मला दोन दिवस लागले.

माझ्या लहानपणीं गिरगांवांतील आमच्या बिऱ्हाडांत घरकामाला गडी असे. त्याला रामा म्हणत. आमच्याच नव्हे, मजल्यावरील चारी बिऱ्हाडांतल्या गड्यांना रामाच म्हणत. एक गांवीं गेला व त्याच्या जागीं दुसरा आला तर तोहि त्याच दिवसापासून रामा. मुंबईंतील पांढरपेशा घरांची ती रीतच होती आणि तींत कोणाचा अपमान करण्याचा हेतु नसे. आम्हां मुलांना मात्र घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाचा स्वभाव बारकाईनें ठाऊक होता. वडिलांचा डबा विसरला तर काय होईल, आजी कोणत्या वारीं मौन धरते, हें सारें आम्ही शिकून ठेविलें होतें. रामाचा स्वभाव शिकण्याचें कारण पडलें नाहीं.

एके दुपारीं पोस्टमन आला व त्यानें जिन्याच्या तोंडाशीं उभें राहून एक नांव पुकारलें. कोणी बाहेर येईना म्हणून तें त्यानें तीन वेळां पुकारलें. माझ्या आईनें व शेजारच्या काकूंनीं त्याला अगदीं प्रामाणिकपणें सांगितलें कीं या नांवाचें येथें कोणी राहत नाहीं. तो जिना उतरूं लागला. तेवढ्यांत मोरींत नळ सोडून भांडीं घासत बसलेला आमचा रामा काय झालें तें समजून उठला आणि ओल्या हातांनींच त्याच्यामागून धांवत गेला. कोंकणांत घरीं पाठविलेल्या मनिऑर्डरीची पोंच होती. वर येऊन त्यानें ती खिशांत घातली आणि पुन्हां भांडीं घासावयास बसला. कोणी कांहीं बोललें नाहीं. संध्याकाळीं आईनें हांक मारली ती 'रामा' अशीच, आणि त्यानेंहि तिला ओ दिली.

हें मीं भाच्यांना सांगितलें तेव्हां मोठा गप्प राहिला. धाकट्यानें वही उघडी ठेवून, जणूं तीही नोंद करावयाची होती अशा सहजतेनें विचारलें, "मग त्याचें नांव काय होतें, मामा?"

तो आमच्याकडे चार वर्षें होता. तीन वेळां पुकारलेलें तें नांव मीं स्वतःच्या कानांनीं ऐकलें होतें. तें मला आठवेना.