मुळशीचें धरण व प्रतिकाराची मर्यादा

जमीन, पाणी व रान यांचा नाश होऊं नये म्हणून मनुष्यानें कोठवर जावें, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ देशांत विचारला जात आहे. कोणी खाणींचीं यंत्रें बंद पाडतात, कोणी रस्ते अडवितात, आणि सुखवस्तु लोक त्यांस अतिरेकी म्हणून मोकळे होतात. वाचकहो, या विचारासाठीं परदेशीं जावयास नको. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी पेट्यांत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वींच उभा राहिला होता.

मुळा व निळा या नद्यांचें पाणी अडवून मुंबईस वीज पुरवावी, असा टाटांच्या वीज कंपनीचा बेत होता. त्यापायीं सुमारें पन्नास गांवांच्या जमिनी जाणार होत्या. आणि त्या जमिनी म्हणजे आंबेमोहर भाताचीं खाचरें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम कांहीं काळ थांबलें, मग पुन्हां सुरू झालें, आणि सत्याग्रही तुरुंगांत गेले.

सरकारचें म्हणणें असें कीं, १८९४ च्या कायद्याप्रमाणें मोबदला दिला जात आहे व काम लोकहिताचें आहे. हें म्हणणें अगदींच पोकळ नव्हे. विजेच्या दिव्याखालीं बसूनच मी हें लिहीत आहें. परंतु मोबदला कोणास ? पुष्कळ जमिनी सावकारांकडे गुंतलेल्या होत्या. त्यांस पैसा हवा होता. जो खाचरांत राबला त्याच्या घामाचा भाव कोणत्याच कागदावर नव्हता. आणि समजा, भाव पुरा मिळाला असता, तरी काय ? अहाब राजानेंही नाबोथास चांगला मळा किंवा रोख रक्कम देऊं केली होती. किंमत कमी होती म्हणून तेथें अन्याय झाला नाहीं. वडिलांची जमीन विकणार नाहीं, एवढें म्हणण्याची त्या माणसास मोकळीक राहिली नाहीं, म्हणून झाला.

येथवर बहुतेकांस पटेल. अवघड भाग पुढें आहे. लढा मोडत आला तेव्हां पांडुरंग महादेव बापट यांनीं धरणाच्या कामाचीच नासधूस करण्याचा मार्ग धरला. तें करून ते लपले नाहींत. आपण होऊन स्वाधीन झाले व सात वर्षांची शिक्षा त्यांनीं पत्करली. 'सेनापति' हें नांव त्यांस या लढ्यानें दिलें. कृत्य उघडपणें करून दंड भोगणाऱ्यास चोर म्हणतां येत नाहीं, हें मी मानतों. तरी तेवढ्यानें कृत्य शुद्ध ठरतें, असें मला वाटत नाहीं. धरणावर माती वाहणारा मजूरही पोटासाठींच आलेला असतो. कंपनीसाठीं रचलेला धोंडा आधीं त्याच्या पायावर पडतो. म्हणून मालमत्ता मोडली कीं नाहीं, हें विचारण्यापूर्वीं त्या कृत्याचा भार कोणावर पडला, हें विचारावें.

गढवालांतील रेणी गांवीं २६ मार्च १९७४ रोजीं, पुरुष घरीं नसतां, ठेकेदाराचे लांकूडतोडे आले. गौरादेवी व गांवच्या बायका झाडांच्या आड उभ्या राहिल्या. कुऱ्हाड चालली असती तर ती प्रथम त्यांच्यावर. मजुरांपैकीं कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. ते परत गेले. पुढें सरकारी समितीनेंही त्या रानांतील तोड थांबविण्याची शिफारस केली.

पण यावरून निरुपद्रवी प्रतिकार नेहमीं जिंकतो, असें कोणीं समजूं नये. मुळशीचे शेतकरीही प्रथम नुसते बसलेच होते. रान तोडणारा ठेकेदार एका दिवसापुरता परत जाऊं शकतो. धरणांत घातलेलें भांडवल तसें परत जात नाहीं. हा भेद ध्यानांत न घेतां बापटांस उतावळे म्हणणें मला तरी जड जातें.

धरण १९२७ सालीं पुरें झालें. बापट १९३१ सालीं सुटले, तेव्हां खाचरें केव्हांच पाण्याखालीं गेलीं होतीं.