शेष उरतोच

बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातल्या अमडापूरसारख्या गावात बैलगाडीच्या चाकाला धाव बसवायची, तर लोहार आधी लाकडी चाकाचा घेर मोजून घेई आणि लोखंडी धाव मुद्दाम जरा तोकडीच ठेवी. गोवऱ्यांच्या आगीत ती तापून फुगली की चाकावर ठोकायची, वरून पाणी ओतायचं. चर्र आवाज होऊन ती आवळून बसे. व्यासाला नेमकं कितीनं गुणायचं, हा प्रश्न लोहाराला कधी पडला नाही. तो पडला यज्ञवेदी रचणाऱ्याला.

गार्हपत्य अग्नीची वेदी गोल, आहवनीयाची चौरस, दक्षिणाग्नीची अर्धचंद्राकार. क्षेत्रफळ मात्र तिन्हींचं सारखं हवं. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे दोरीच्या शास्त्रात, त्याच्या रीती दिल्या आहेत. चौरसाचा गोल करायच्या रीतीतून पायची किंमत निघते ३.०८८. उलट गोलाचा चौरस करायचा, तर व्यासाचे पंधरा भाग करून दोन सोडून द्यायचे. त्यातून निघते ३.००४. दोन्ही रीती लागोपाठ वापरल्या तर मूळ चौरस हाती येतच नाही, जवळजवळ पावणेतीन टक्के जागा वाटेत सांडते.

मग यज्ञ खोटा ठरला का? सूत्रकार तसं म्हणत नाही. तो या पंधरा भागांच्या रीतीला ‘अनित्य’, म्हणजे काटेकोर नसलेली, असं नाव देतो आणि पुढच्या कामाला लागतो. देवापुढं मांडलेलं माप कच्चं आहे, हे त्यानं लपवलं नाही.

जैन ग्रंथकारांची तऱ्हा वेगळी. जंबूद्वीपाचा व्यास एक लाख योजनं. परीघ त्यांनी काढला ३,१६,२२७ योजनं, ३ गव्यूती, १२८ धनुष्यं आणि साडेतेरा अंगुळं. जिथं कुणी दोरी घेऊन जाणार नाही तिथं अर्ध्या अंगुळाचा हिशेब! पण पाय म्हणून त्यांनी दहाचं वर्गमूळ धरलं होतं, त्यामुळं चूक झाली दोन हजारांहून अधिक योजनांची. बारकावा आणि खरेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचा इतका गमतीदार दाखला क्वचितच सापडेल.

आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ दिला आणि त्याला ‘आसन्न’ म्हटलं: जवळचा. सुमारे हजार वर्षांनी केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी या शब्दावर बोट ठेवलं. ज्या मापानं व्यास निःशेष मोजला जातो, त्यानं परीघ मोजला की शेष उरतो; माप कितीही लहान करा, शेष लहान होतो, संपत नाही. याची सिद्धता युरोपात लाम्बर्टनं १७६१ मध्ये दिली.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दोन्ही सोयी ठेवल्या: सूक्ष्म हवं तर ३९२७/१२५०, व्यवहारापुरतं २२/७. बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथं, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवानं मठ काढला. त्याबद्दलचा १२०७ चा शिलालेख तिथल्या देवीच्या देवळात आहे.

अमडापूरच्याच जिल्ह्यातलं लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. ते अगदी गोल धरलं, तर भास्कराचार्यांच्या दोन किमतींनी काढलेल्या घेरांत फरक पडतो सव्वादोन मीटरचा. नुसत्या तिपटीनं मोजलं, तर अडीचशे मीटर कमी भरतात.

३९२७/१२५० ही सूक्ष्म किंमत येते कुठून, हे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञानं ‘लीलावती’वरच्या १५४५ च्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत उलगडलं. १०० व्यासाच्या वर्तुळात षट्‌कोन बसवायचा, मग १२ बाजू, २४, ४८, अशी दुप्पट करत जायचं. तो ३८४ बाजूंवर थांबला.